अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांना लवकर अर्ज करताना : आधी पैशाचा विचार, मग तारखेचा

अमेरिकेतील बहुतेक नामांकित खासगी विद्यापीठे पदवीचे प्रवेश दोन फेऱ्यांत देतात. लवकरच्या फेरीचा अर्ज साधारणपणे १ नोव्हेंबरपर्यंत भरावा लागतो आणि तिचा निकाल डिसेंबरच्या मध्यास लागतो. नियमित फेरीचा अर्ज जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जातो आणि निकाल मार्चअखेरीस कळतो. पहिल्या फेरीत निवडीचे प्रमाण जवळपास सर्वत्र जास्त दिसते, त्यामुळे परदेशी शिक्षणाचा विचार करणाऱ्या घरांत पहिली चर्चा तारखेची होते आणि पैशाची चर्चा ‘प्रवेश तर मिळू दे, मग बघू’ म्हणून मागे ठेवली जाते. हा क्रम उलटा असायला हवा. भारतातून अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याने लवकरच्या फेरीत कोठे आणि कोणत्या प्रकारचा अर्ज करावा, हे मुख्यतः घरची आर्थिक स्थिती ठरवते. पुढील मांडणी अकरावीत किंवा बारावीच्या उंबरठ्यावर असलेल्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना समोर ठेवून केली आहे.

फेरीचे प्रकार आणि त्यांची बंधने

‘अर्ली डिसिजन’ हा बांधील अर्ज आहे. तो एकाच विद्यापीठाला करता येतो, आणि प्रवेश मिळाला तर इतर सर्व अर्ज मागे घेऊन तेथेच जावे लागते. कॉमन अ‍ॅप या अनेक विद्यापीठांच्या सामाईक ऑनलाइन अर्जावरील त्यासंबंधीच्या करारावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा काउन्सेलर (विद्यार्थ्यांना प्रवेशाचे मार्गदर्शन करणारा) अशा तिघांच्या सह्या लागतात. ब्राऊन, कोलंबिया, कॉर्नेल, डार्टमथ, पेनसिल्व्हेनिया, ड्यूक, नॉर्थवेस्टर्न, जॉन्स हॉपकिन्स आणि राइस या विद्यापीठांची तसेच अ‍ॅमहर्स्ट, विल्यम्स, स्वॉर्थमोर, बोडन यांसारख्या लहान महाविद्यालयांची लवकरची फेरी अशी आहे.

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्ड यांची फेरी बांधील नाही. प्रवेश मिळाला तरी १ मेपर्यंत विचार करता येतो. मात्र तेथे अर्ज करणाऱ्याला लवकरच्या फेरीत अमेरिकेतील दुसऱ्या खासगी विद्यापीठाला अर्ज करता येत नाही, म्हणून तिला ‘रेस्ट्रिक्टिव्ह’ किंवा ‘सिंगल चॉइस’ अर्ली अ‍ॅक्शन म्हणतात. सरकारी विद्यापीठे आणि अमेरिकेबाहेरील विद्यापीठे यांना या बंधनातून सामान्यतः सूट असते. त्यामुळे ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा १५ ऑक्टोबरचा अर्ज आणि १ नोव्हेंबरचा येलचा अर्ज एकाच विद्यार्थ्याला करता येतात. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोहोंना एकाच वर्षी अर्ज करता येत नाही, आणि १५ ऑक्टोबरला त्यांची मुदत ब्रिटनच्या घड्याळाने संध्याकाळी सहाला, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहाला संपते. एमआयटीची ‘अर्ली अ‍ॅक्शन’ फेरीही बांधील नसते.

शिकागो, व्हँडरबिल्ट, जॉन्स हॉपकिन्स, पोमोना यांसारख्या काही संस्था जानेवारीच्या सुरुवातीस ‘अर्ली डिसिजन टू’ नावाची दुसरी बांधील फेरी घेतात आणि तिचा निकाल फेब्रुवारीच्या मध्यास देतात. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांत, म्हणजे बर्कली किंवा लॉस एंजलिसमध्ये, लवकरची फेरीच नाही.

आकड्यांनी भुलू नये

२०२४ मध्ये प्रवेश घेतलेल्या हार्वर्डच्या तुकडीसाठी लवकरच्या फेरीत ७,९२१ अर्ज आले आणि त्यांतील ६९२ विद्यार्थ्यांना डिसेंबरातच प्रवेश मिळाला, म्हणजे सुमारे पावणेनऊ टक्के. दोन्ही फेऱ्या मिळून ५४,००८ अर्जांतून १,९३७ जण निवडले गेले. पहिल्या फेरीचे आकडे वजा केले तर उरलेल्यांसाठी प्रमाण पावणेतीन टक्क्यांच्या आसपास येते. ही तफावत मोठी वाटते, पण पहिल्या फेरीत कोण असते हे पाहिले पाहिजे. खेळासाठी प्रशिक्षकांनी आधीच हेरलेले विद्यार्थी, माजी विद्यार्थ्यांची मुले आणि ज्यांच्या शाळांत या कामासाठी पूर्णवेळ काउन्सेलर आहेत अशी मुले तेथे मोठ्या संख्येने असतात. लवकरची फेरी आधीच सुस्थितीत असलेल्यांच्या पथ्यावर पडते, या कारणासाठी हार्वर्ड आणि प्रिन्स्टन यांनी २००६ मध्ये ती बंद करण्याचा निर्णय जाहीर केला होता. २०११ मध्ये दोघांनीही ती पुन्हा सुरू केली. नाशिक किंवा सोलापूरच्या विद्यार्थ्याने या टक्केवारीतली सगळी वाढ आपल्या पदरात पडेल असे धरू नये. बांधील फेरीत थोडा लाभ खरोखर असतो, कारण निवडलेला विद्यार्थी येणारच याची विद्यापीठाला खात्री असते. तो लाभ तयार अर्जाला मिळतो, हेही लक्षात ठेवावे. ऑक्टोबरात घाईने जुळवलेला अर्ज जानेवारीच्या चांगल्या अर्जापेक्षा कमकुवतच ठरतो, आणि त्याच वर्षी त्याच विद्यापीठाला पुन्हा अर्ज करता येत नाही.

पैशाचा हिशेब

या विद्यापीठांचा शिक्षण, निवास, भोजन आणि विमा मिळून एकूण खर्च आता वर्षाला ९० हजार डॉलरच्या आसपास आहे, आणि पदवी चार वर्षांची असते. रुपयांत ही रक्कम तीन कोटींच्या घरात जाते. म्हणून विद्यापीठांची यादी करण्याआधी पालकांनी मुलांसमोर बसून एक आकडा स्पष्ट सांगावा : दरवर्षी, कर्ज धरून, आपण किती देऊ शकतो. आपल्याकडे मुलांसमोर पैशाचे बोलणे टाळण्याची पद्धत आहे. येथे ती महागात पडते.

आर्थिक मदतीबाबत विद्यापीठांचे दोन गट आहेत. काही संस्था परदेशी विद्यार्थ्याचा अर्ज वाचताना त्याने मदत मागितली आहे की नाही याचा निवडीवर परिणाम होऊ देत नाहीत, आणि निवड झाल्यावर त्यांच्या हिशेबाने जेवढी गरज निघेल तेवढी पूर्ण भागवतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन आणि अलीकडे ब्राऊन या त्यांतील प्रमुख संस्था. दुसऱ्या गटात मदतीची मागणी निवडीच्या वेळी विचारात घेतली जाते. स्टॅनफर्ड, कोलंबिया, कॉर्नेल, पेनसिल्व्हेनिया, ड्यूक आणि बहुतेक उरलेली विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत या गटात मोडतात. निवडलेल्याला तीही भरघोस मदत देतात, पण मदत मागणाऱ्यांसाठी तेथील दार अरुंद असते.

यावरून निवड अशी करता येते. संपूर्ण खर्च पेलणाऱ्या कुटुंबाला बांधील फेरीत आर्थिक धोका नाही. मुलाला ते विद्यापीठ मनापासून हवे आहे का, एवढाच प्रश्न उरतो. ज्यांना फार थोडे देता येते, त्यांनी लवकरचा अर्ज पहिल्या गटातच करावा असे मी सुचवेन. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि एमआयटी येथे बंधन नाही आणि मागणीचा तोटाही नाही. ब्राऊन, डार्टमथ, अ‍ॅमहर्स्ट, बोडन येथे बंधन आहे, पण मागणीचा तोटा नाही आणि गरज पूर्ण भागवली जाते.

सर्वांत अवघड स्थिती मधल्यांची असते, आणि महाराष्ट्रातील बहुतेक अर्जदार कुटुंबे मधलीच असतात : दोघांची नोकरी, गृहकर्ज फिटत आलेला फ्लॅट, गावाकडे वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा. विद्यापीठाचा गरजेचा हिशेब फक्त उत्पन्नावर होत नाही. ठेवी, म्युच्युअल फंड, घर आणि जमीन यांची माहितीही मागितली जाते. वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या ठाण्याच्या किंवा कोथरूडच्या घराची आजची किंमत डॉलरमध्येही भक्कम दिसते, पण त्यातून फी भरता येत नाही. हे कागदावर आपोआप समजत नाही. घर विकून राहायचे कोठे, जमीन किती भावांच्या नावावर आहे, तिचे उत्पन्न किती, आजी-आजोबांच्या औषधपाण्यावर किती खर्च होतो, हे अर्जातील विशेष परिस्थितीच्या रकान्यात आकड्यांसह लिहावे. बांधील फेरीत मिळालेली मदत कुटुंबाला खरोखर अपुरी पडत असेल तर करारातून मुक्त होता येते. विद्यापीठे हे स्वतःच सांगतात. आधी मदत कार्यालयाला लिहून फेरविचार मागावा आणि तरीही जमत नसेल तर नम्रपणे नकार कळवावा. मात्र दुसऱ्या विद्यापीठाने जास्त दिले असते का, ही तुलना बांधील फेरीत कधीच करता येत नाही. तुलना करूनच निर्णय घ्यावा लागणार असेल, तर बांधील अर्ज करू नये.

एक सल्ला वारंवार दिला जातो आणि तो घातक आहे : ‘आत्ता मदत नको म्हणून लिहा, प्रवेश मिळाल्यावर मागा.’ स्टॅनफर्डसह अनेक विद्यापीठांत प्रवेशाच्या वेळी मदत न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला पुढे चारही वर्षे ती मागता येत नाही.

मदतीसाठी बहुतेक ठिकाणी कॉलेज बोर्डाचा ‘सीएसएस प्रोफाइल’ हा अर्ज भरतात. तो १ ऑक्टोबरला खुला होतो. पहिल्या विद्यापीठासाठी २५ डॉलर आणि पुढील प्रत्येकासाठी १६ डॉलर शुल्क आहे. हेही जड जात असेल तर विद्यापीठाच्या मदत कार्यालयाला ईमेल करून सवलत किंवा पर्यायी अर्ज मागावा. आयकर विवरणपत्रे, फॉर्म १६, पगारपत्रके, बँकेची विवरणे आणि कर्जाचे हप्ते ही कागदपत्रे सप्टेंबरातच एकत्र करावीत. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने विवरणपत्रात ते पुरेसे दिसत नाही. तेथे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा आणि बाजार समितीच्या पट्ट्या उपयोगी पडतात. मराठीतील प्रत्येक कागदासोबत इंग्रजी भाषांतर जोडावे.

शिष्यवृत्तीविषयी दोन गोष्टी. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि जे. एन. टाटा एन्डाउमेंटचे कर्जरूप साहाय्य पदव्युत्तर वा त्यापुढील शिक्षणासाठी आहे. बारावीनंतरच्या पदवीसाठी त्यांवर भिस्त ठेवू नये. उलट कॉर्नेलमध्ये केवळ भारतीय नागरिकांसाठी टाटा शिष्यवृत्ती आहे. तिचा लाभ एका वेळी सुमारे २० विद्यार्थ्यांना मिळतो, आणि त्यासाठीही प्रवेशाच्या अर्जासोबतच मदतीची मागणी करावी लागते.

अकरावीपासूनचे वेळापत्रक

१ नोव्हेंबरला पाठवण्याचा अर्ज खरे तर बारावीची सहामाही होण्यापूर्वी तयार असावा लागतो. याचा अर्थ मोठा भाग अकरावीत उरकायला हवा. एसएटी या पदवी प्रवेशासाठीच्या परीक्षेचा पहिला प्रयत्न अकरावीच्या मार्च ते जूनमध्ये आणि गरज पडल्यास दुसरा ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये द्यावा. कोविडकाळात ऐच्छिक झालेली ही परीक्षा एमआयटी, हार्वर्ड, ब्राऊन, डार्टमथ, स्टॅनफर्ड, कॉर्नेल आणि पेनसिल्व्हेनिया यांनी पुन्हा अनिवार्य केली आहे. कोलंबियात ती ऐच्छिकच आहे. परीक्षा २०२३ पासून भारतात संगणकावर होते. जवळच्या केंद्रातील जागा भरतात, म्हणून नोंदणी लवकर करावी. मराठी किंवा अर्धइंग्रजी माध्यमातून आलेल्यांनी टोफेल, आयईएलटीएस किंवा ड्युओलिंगो यांपैकी विद्यापीठाला चालणारी इंग्रजीची एक परीक्षा उन्हाळ्यात देऊन मोकळे व्हावे.

पासपोर्ट अकरावीतच काढावा आणि नावाकडे बारकाईने पाहावे. राज्य मंडळाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग स्वतःचे आणि वडिलांचे नाव असते. पासपोर्टवर आडनावाचा आणि नावाचा रकाना वेगळा असतो. एसएटीच्या नोंदणीत काही जण वडिलांचे नाव गाळतात. कॉमन अ‍ॅप, एसएटी, सीएसएस आणि पासपोर्ट या चारही ठिकाणी नाव पासपोर्टप्रमाणेच लिहावे, अन्यथा गुण एका नावाने आणि अर्ज दुसऱ्या नावाने जाऊन फाइल अपूर्ण दिसते.

जेईईची तयारी करणाऱ्यांनी आणखी एक विचार करावा. जेईई मेनचे पहिले सत्र जानेवारीत असते, म्हणजे नियमित फेरीच्या मुदतीला अगदी खेटून. अमेरिकेचा एक भक्कम अर्ज १ नोव्हेंबरला पाठवून पुढचे दोन महिने जेईईला देणे काहींना सोयीचे पडते, आणि लवकरच्या फेरीचा हा फायदा टक्केवारीपेक्षा खरा आहे.

कनिष्ठ महाविद्यालयातील अडचण

अमेरिकेचा अर्ज नववी ते बारावी अशा चार वर्षांचे गुण, दोन विषयशिक्षकांची शिफारसपत्रे आणि काउन्सेलरचा अहवाल मागतो. ही रचना तेथील चार वर्षांच्या हायस्कूलवर बेतलेली आहे. आपल्याकडे दहावीनंतर शाळा सुटते आणि कनिष्ठ महाविद्यालय सुरू होते. तेथे काउन्सेलर नसतो, आणि ‘इंटिग्रेटेड’ पद्धतीने क्लास करणाऱ्या विद्यार्थ्याला महाविद्यालयातील शिक्षक ओळखतही नाहीत. शिफारसपत्राच्या गुणवत्तेवर याचा थेट परिणाम होतो. म्हणून ज्याच्या मनात हा मार्ग आहे, त्याने अकरावीचे महाविद्यालय निवडतानाच शिक्षकांशी नियमित संबंध राहील असे निवडावे. ‘हा विद्यार्थी हुशार व आज्ञाधारक आहे’ एवढ्या मजकुराचे पत्र काहीच सांगत नाही. प्रयोगशाळेत कोणता प्रश्न विचारला, कोणते गणित वेगळ्या रीतीने सोडवले, वर्गातल्या मागे पडलेल्यांना कसे शिकवले, हे लिहू शकणारा शिक्षक विभागप्रमुखापेक्षा उपयोगी असतो.

काउन्सेलरची जबाबदारी प्राचार्य, उपप्राचार्य किंवा वर्गशिक्षक घेऊ शकतात. त्यांना जूनमध्येच भेटून काय करावे लागेल ते एका पानावर लिहून द्यावे : अहवालाचा ऑनलाइन फॉर्म, गुणांची नोंद, महाविद्यालयाची थोडक्यात माहिती, बांधील अर्ज असल्यास करारावर सही, आणि नंतर सहामाहीचे व बारावीचे गुण पाठवणे. महाविद्यालयाच्या माहितीपत्रात राज्य मंडळाची गुणदान पद्धत समजावून सांगितलेली असावी, कारण तिकडच्या वाचकाला ९१ टक्क्यांचे वजन आपोआप कळत नाही. नववी-दहावीचे गुणपत्रक जुन्या शाळेतून शिक्क्यासह घ्यावे. शिक्षकांना इंग्रजीत लिहिणे अवघड वाटत असेल तर त्यांनी मराठीत मोकळेपणाने लिहावे आणि भाषांतर महाविद्यालयातीलच इंग्रजीच्या शिक्षकांनी करावे. विद्यार्थ्याने किंवा नातेवाइकांनी ते करू नये. शिफारसपत्र स्वतः लिहून फक्त सही घेण्याची प्रथा सर्रास आहे. ती अप्रामाणिक आहे, आणि विद्यार्थ्याच्या निबंधाशी भाषा जुळली की ती उघडीही पडते.

दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरच्या आरंभी येते, म्हणजे नेमक्या मुदतीच्या तोंडावर. कार्यालय बंद, प्राचार्य गावी आणि शिक्का कपाटात, अशी स्थिती टाळायची असेल तर महाविद्यालयाकडून होणारे प्रत्येक काम १० ऑक्टोबरपूर्वी संपवावे.

अर्जातील मजकूर

कॉमन अ‍ॅप १ ऑगस्टला नव्या वर्षासाठी खुले होते. मुख्य निबंधाला ६५० शब्दांची मर्यादा आहे. परिच्छेद कोणाकडूनही लिहून घेऊ नयेत, आणि आपण किती कष्ट केले याची यादीही देऊ नये. एखादी गोष्ट आपण कशी पाहिली आणि तिच्याविषयी आपले मत कसे बदलले, हे सांगणारा साधा निबंध वाचला जातो. ‘आमचेच विद्यापीठ का’ या छोट्या निबंधात विद्यापीठाचे नाव बदलून मजकूर दुसरीकडे चालत असेल, तर तो पुन्हा लिहावा. बांधील फेरीत या निबंधाला विशेष वजन असते.

उपक्रमांसाठी दहा जागा आणि प्रत्येकी १५० अक्षरांचे वर्णन असते. दहाही भरण्याची सक्ती नाही. ऐनवेळी काढलेली स्वयंसेवी संस्था आणि पैसे भरून छापलेला शोधनिबंध यांपेक्षा सहा वर्षांचा ढोलपथकाचा सराव, गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा, इंटरमीजिएट चित्रकला, गणित ऑलिम्पियाडची पात्रता, किंवा वडिलांच्या दुकानात रोज संध्याकाळी ठेवलेला हिशेब अधिक विश्वासार्ह असतो. घरातील जबाबदारीसाठी तेथे स्वतंत्र वर्गवारीच आहे. धाकट्या भावंडांना सांभाळणे हे काम म्हणून लिहायला मुले संकोचतात, तो संकोच अनाठायी आहे.

हे सारे स्वतः करता येते. लाखो रुपये घेणाऱ्या सल्लागाराकडे जाण्याआधी अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या एज्युकेशन-यूएसए केंद्राचे विनामूल्य मार्गदर्शन घ्यावे. सल्लागार बांधील फेरीचा आग्रह धरत असेल, तर त्याला सर्वप्रथम कुटुंबाच्या आकड्याविषयी काय वाटते ते विचारावे.

अर्ज पाठवल्यानंतर

अर्ज मुदतीच्या तीन-चार दिवस आधी पाठवावा. त्यानंतर विद्यापीठाकडून पोर्टलचा दुवा येतो. तेथे कोणते कागद पोचले नाहीत ते दर दोन दिवसांनी पाहावे, कारण त्याची आठवण कोणी करून देईलच असे नाही. नियमित फेरीचे उरलेले अर्ज डिसेंबरच्या निकालापूर्वी जवळपास पूर्ण करून ठेवावेत. नकार आल्यावर उरलेल्या दोन आठवड्यांत आठ विद्यापीठांचे निबंध लिहिणे कोणालाही साधत नाही.

निकाल तीन प्रकारचा असतो. अर्ज पुढे ढकलला गेला, तर तो नियमित फेरीत पुन्हा वाचला जातो आणि बांधील अर्जाचे बंधन तेथे संपते. अशा वेळी जानेवारीत एकच पानभर पत्र पाठवावे : सहामाहीचे गुण, नोव्हेंबरनंतर काही नवे घडले असेल तर ते, आणि इच्छा कायम असल्याचे एक वाक्य. नातेवाइकांची, आमदारांची किंवा माजी विद्यार्थ्यांची जादा पत्रे पाठवू नयेत. नकार आला, तर दुसऱ्या बांधील फेरीचा विचार त्याच आर्थिक कसोटीवर नव्याने करावा. निराशेच्या भरात बांधील करारावर सही करू नये.

प्रवेश मिळाला आणि मदतीचे पत्र मान्य असेल, तर इतर अर्ज ताबडतोब मागे घ्यावेत. डिसेंबरातच निश्चिती झाल्याने पुढील कामांना निवांत वेळ मिळतो : शैक्षणिक कर्जाची मंजुरी, विद्यापीठाकडून व्हिसासाठी लागणारे आय-२० हे पत्र, परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे ३५० डॉलरचे सेविस शुल्क, आणि मुंबईच्या वाणिज्य दूतावासातील एफ-१ या विद्यार्थी व्हिसाची मुलाखत. मुलाखतीची वेळ उन्हाळ्यात मिळणे कठीण होते, म्हणून आय-२० हाती येताच ती घ्यावी. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते आणि प्रवेश तिच्या निकालावर सशर्त असतो. गुण लक्षणीय घसरले तर विद्यापीठ खुलासा मागते आणि क्वचित प्रवेश रद्दही करते. मे महिन्यात निकाल लागल्यावर मंडळाचे गुणपत्रक महाविद्यालयानेच विद्यापीठाकडे पाठवायचे असते, तेव्हा ज्या उपप्राचार्यांनी अहवाल भरला होता ते सुट्टीवर जाण्याआधी त्यांना तारीख सांगून ठेवावी.